नर्सचे हात सोलून निघायचे म्हणून डॉक्टरनं रबरी हातमोजे बनवून घेतले, शंभर वर्षांनी तेच मोजे नर्सच्या अंगावर उठले

अंगावर लालसर, खाजणाऱ्या गांधी उठल्या की आपल्याकडं निदान ठरलेलं असतं, पित्त उठलंय. मग आमसुलाचं पाणी लावायचं, अॅलर्जीची गोळी घ्यायची आणि काल काय खाल्लं होतं याची चौकशी सुरू करायची. वांगं, अंडी, कोळंबी, सगळ्यांवर संशय घेऊन होतो. काल दिवसभर हातात काय घातलं होतं, हे मात्र फार क्वचित विचारलं जातं.

ज्यांचं काम दिवसभर रबरी हातमोजे घालून चालतं, त्यांच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नर्स, लॅबमधले टेक्निशियन, दाताचे डॉक्टर, सफाई कर्मचारी, ब्युटी पार्लरमध्ये केस रंगवणारी मुलगी, हॉटेलच्या किचनमधला पोरगा. आणि गंमत म्हणजे हे मोजे ऑपरेशन थिएटरमध्ये आले तेच मुळी एका नर्सच्या हाताच्या कातडीमुळं.

ते आणणाऱ्या माणसाचं नाव विल्यम स्टुअर्ट हॅलस्टेड.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका गडगंज व्यापारी घरात त्याचा जन्म झाला. घरचा कापडाच्या आयातीचा धंदा. पोराला अभ्यासात काडीचा रस नव्हता. येल विद्यापीठात तो फुटबॉल टीमचा कॅप्टन होता आणि तिथल्या लायब्ररीतून त्यानं कधी एखादं पुस्तक घरी नेल्याची नोंद सापडत नाही असं सांगतात. शेवटच्या वर्षाला असताना त्यानं शरीरशास्त्राची दोन पुस्तकं विकत घेतली आणि गडी बदलला. १८७७ साली न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समधून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला, तेव्हा त्याची गणना हुशार पोरांत होत होती.

त्यानंतर दोन वर्षं युरोप. व्हिएन्ना, लाइपझिग, वुर्झबर्ग. त्या काळात सर्जरी शिकायची तर जर्मन बोलणाऱ्या मुलखात जावं लागायचं. तिथं जंतूंचा सिद्धांत रुजत होता. ब्रिटनमधल्या जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक अॅसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवून दाखवल्या होत्या. अमेरिकेत मात्र बरेच सर्जन अजून रोजच्या कोटावर, न धुतलेल्या हातांनी पोट फाडत होते.

१८८० मध्ये हॅलस्टेड परत आला आणि न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये त्याचं यावरूनच वाजलं. तिथले जुने डॉक्टर जंतुनाशकाचं खूळ मानायला तयार नव्हते. या पठ्ठ्यानं काय करावं? हॉस्पिटलच्या आवारात स्वतःचा वेगळा तंबू ठोकला आणि त्यात स्वच्छ ऑपरेशन्स करायला सुरुवात केली.

धाडस तर इतकं की ऐकून धडकी भरावी. १८८१ मध्ये बहिणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा त्यानं स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिला दिलं. रक्तगट नावाची गोष्ट असते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बहीण वाचली. पुढच्या वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला, तर रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तिचं ऑपरेशन केलं. आईही वाचली.

इथवर सगळं सिनेमासारखं चाललं होतं. मग आलं १८८४ साल.

व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिलं. बातमी अमेरिकेत पोचली आणि हॅलस्टेड कामाला लागला. त्याची कल्पना पुढची होती. कोकेन थेट नसेजवळ टोचलं तर त्या नसेवर अवलंबून असलेला सगळा भाग बधिर होईल. प्रयोग करायचा कुणावर? स्वतःवर, सहकाऱ्यांवर, शिकणाऱ्या पोरांवर. कल्पना खरी ठरली. आज दात काढताना हिरडीत सुई टोचून अर्धा जबडा बधिर करतात, त्या तंत्राची सुरुवात या प्रयोगांत आहे.

पण कोकेनचं व्यसन लागतं हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. हॅलस्टेड अडकला, त्याच्यासोबतचे इतरही अडकले. त्यातल्या काहींचं पुढं काही खरं राहिलं नाही. १८८५ मध्ये त्यानं कोकेनवर एक शोधनिबंध छापला, त्यातलं पहिलंच वाक्य इतकं भरकटलेलं आहे की लिहिणाऱ्याची अवस्था काय होती ते लगेच समजतं.

विल्यम वेल्च नावाचा त्याचा एक मित्र होता. पॅथॉलॉजीतला मोठा माणूस. त्यानं हॅलस्टेडला समुद्रसफरीवर नेऊन कोकेन सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. १८८६ मध्ये ऱ्होड आयलंडच्या बटलर हॉस्पिटलमध्ये त्याला दाखल केलं. तिथं कोकेनवर उतारा म्हणून मॉर्फिन देण्यात आलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मॉर्फिन त्याला पुढं आयुष्यभर पुरलं. ही गोष्ट त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याला ठाऊक होती, पण त्यानं ती मोहोरबंद टिपणांत लिहून ठेवली. ती टिपणं छापून आली १९६९ मध्ये. तोवर जगाला वाटत होतं की हॅलस्टेड कधीच बरा झाला.

न्यूयॉर्कमध्ये आता त्याला कुणी उभं करणार नव्हतं. वेल्चनं त्याला बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उभं राहत होतं. ७ मे १८८९ ला ते सुरू झालं आणि सर्जरीचा विभाग हॅलस्टेडच्या हाती आला. आधी हंगामी, मग कायमचा.

आता गोष्टीत येते कॅरोलाइन हॅम्प्टन.

ही दक्षिण कॅरोलिनातल्या बड्या जमीनदार घराण्यातली. काका वेड हॅम्प्टन अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती. कॅरोलाइनचा जन्म १८६१ चा, म्हणजे युद्ध पेटलं त्याच वर्षीचा. ती दोन वर्षांची व्हायच्या आसपासच आई आणि वडील दोघंही गेले, वडील रणांगणावर. घराण्याचा वाडा युद्धात जळाला. आत्यांनी तिला वाढवलं. अशा घरातल्या मुलीनं लग्न करून गप संसार करावा अशी अपेक्षा, तर हिनं घरच्यांचा विरोध मोडून न्यूयॉर्क गाठलं आणि नर्सिंगचं शिक्षण घेतलं. १८८९ मध्ये ती हॉपकिन्सला आली आणि हॅलस्टेडच्या ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स झाली.

त्या थिएटरमध्ये जंतू मारायचे म्हणजे अक्षरशः मारायचे. हात आधी साबणानं घासायचे, मग तीव्र रसायनांत आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायचे. मर्क्युरिक क्लोराइड म्हणजे पाऱ्याचं विषारी मीठ. हत्यारं कार्बोलिक अॅसिडमध्ये ठेवलेली असत आणि ती काढून देणं नर्सचं काम. सर्जन ऑपरेशनपुरते हात बुडवायचे, नर्सचे हात मात्र दिवसभर त्यातच.

व्हायचं तेच झालं. कॅरोलाइनच्या हातांची आणि कोपरापर्यंतच्या बाहूंची कातडी लाल झाली, चरचरू लागली, सोलून निघू लागली. नोकरी सोडावी लागेल इतपत प्रकरण गेलं. तिनं हॅलस्टेडला सांगितलं.

इथं हॅलस्टेडनं जे केलं त्याची दाद द्यायला हवी. नाजूक कातडीची मुलगी आहे, दुसरी नर्स बघू, असं म्हणणं त्याला सहज शक्य होतं. त्या काळात बहुतेकांनी तेच केलं असतं. त्यानं दोन गोष्टी जोडल्या, हे काम आणि हा आजार. रसायन बदलता येत नव्हतं, मग रसायन आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी आणायला हवं होतं.

त्यानं न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीला कळवलं की पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे बनवून द्या. ही टायरवाली गुडइयर नव्हे बरं का, ती निघाली १८९८ मध्ये. नमुन्यादाखल दोन जोड आले. उकळून निर्जंतुक करता येत होते आणि ते घालून काम जमत होतं. कॅरोलाइनचे हात वाचले, आणखी जोड मागवले गेले.

रबराचे मोजे त्याआधी नव्हते असं नाही. प्रेतांची चिरफाड करणारे लोक जाडजूड मोजे वापरायचे. पण ते घालून नाजूक काम अशक्य होतं.

४ जून १८९० रोजी विल्यम आणि कॅरोलाइनचं लग्न झालं. त्यावरून मग हॉपकिन्समध्ये चर्चा, की मोजे प्रेमातून आले की विज्ञानातून. सोशल मीडियावर ही गोष्ट आजही लव्ह स्टोरी म्हणून फिरते. दोन्ही खरं असायला हरकत काय? लग्नानंतर कॅरोलाइननं नोकरी सोडली, म्हणजे ज्या हातांसाठी मोजे आले ते हात थिएटरमध्ये जेमतेम काही महिनेच राहिले. मोजे मात्र राहिले.

आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मोजे आणले होते नर्सची कातडी वाचवायला. पेशंटचा जीव वाचवायला ते वापरावेत हे सुचायला काही वर्षं गेली. आधी हत्यारं देणाऱ्या सहायकांनी ते घातले. मग हॅलस्टेडचा शिष्य जोसेफ ब्लडगूड स्वतः ऑपरेशन करताना नियमितपणे मोजे घालू लागला आणि त्यानं हर्नियाच्या साडेचारशेहून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब मांडला. मोज्यांआधी सुमारे १७ टक्के जखमांत पू व्हायचा, मोज्यांनंतर ते प्रमाण २ टक्क्यांच्या खाली आलं. हा हिशोब छापून आला १८९९ मध्ये. खुद्द हॅलस्टेडनं १९१३ मध्ये कबूल केलं की इतकी उघड गोष्ट आपल्याला आधी दिसली नाही याचं नवल वाटतं.

बाकी हॅलस्टेडची कारकीर्द मोठी आहे. शिकाऊ सर्जनांना हॉस्पिटलमध्ये ठेवून वर्षानुवर्षं पायरीपायरीनं तयार करायची रेसिडेन्सी पद्धत अमेरिकेत सर्जरीमध्ये त्यानंच बसवली. स्तनाच्या कॅन्सरसाठी त्यानं आखलेलं मोठं ऑपरेशन कित्येक दशकं चाललं, पुढं ते गरजेपेक्षा जास्त कापाकापीचं म्हणून मागं पडलं. मेंदूच्या सर्जरीतला मोठा माणूस हार्वे कुशिंग त्याच्याच हाताखाली शिकला.

माणूस मात्र विक्षिप्त. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचा असं सांगतात. बाल्टिमोरच्या घरात नवरा एका मजल्यावर, बायको दुसऱ्यावर. मूलबाळ नाही. उन्हाळ्यात दोघं नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या हाय हॅम्प्टन या आपल्या इस्टेटीवर जायचे. तो डेलियाची फुलं फुलवायचा, ती घोडे आणि कुत्री सांभाळायची. ७ सप्टेंबर १९२२ रोजी, पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीनं हॅलस्टेड गेला. ऑपरेशन करणारे त्याचेच शिष्य होते. कॅरोलाइनही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेली.

आता तिच्या हातांना नेमकं काय झालं होतं ते समजून घेऊ, कारण इथंच लोकांची गल्लत होते. तिला गांधी उठत नव्हत्या. रसायनांमुळं कातडीला सूज येऊन ती सोलवटत होती, ज्याला डॉक्टर कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. आणि तिला रबराची अॅलर्जीही नव्हती. उलट रबरानं तिला वाचवलं.

रबराची दुसरी बाजू फार उशिरा समोर आली. रबराच्या झाडाला खाच पाडली की पांढरा चीक गळतो, तो लॅटेक्स. त्यात रबरासोबत झाडाची प्रथिनंही असतात आणि मोजे तयार झाले तरी त्यातली काही उरतात. काही लोकांचं शरीर या प्रथिनांना शत्रू समजतं. पुन्हा संपर्क आला की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं आणि गांधी उठतात. नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, कधी दमा उफाळतो, क्वचित रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

१९७९ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात रबरी मोज्यांमुळं गांधी उठणाऱ्या एका गृहिणीची नोंद छापून आली. तेव्हा ती दुर्मीळ गंमत वाटली असणार. मग आली एड्सची साथ. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं सांगितलं की प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं समजूनच काम करा. एकदा घालून फेकायच्या मोज्यांचा खप प्रचंड वाढला. मोजे हातात सहज सरकावेत म्हणून आत मक्याच्या पिठाची पावडर असायची. ही पावडर लॅटेक्सची प्रथिनं धरून ठेवायची आणि मोजे ओढून काढले की हवेत उडायची. म्हणजे मोजे न घालणारासुद्धा त्याच खोलीत बसून ती श्वासात घ्यायचा.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं डॉक्टरांना लॅटेक्सबद्दल सावध केलं. त्याआधी आतड्याच्या एक्स-रे तपासणीत वापरायच्या लॅटेक्सच्या फुग्यामुळं पेशंट दगावले होते. १९९७ मध्ये तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेनं, म्हणजे नायोशनं सांगितलं की सतत लॅटेक्सशी संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते १२ टक्के लोकांचं शरीर त्याला संवेदनशील झालेलं आहे. यातल्या कित्येक जणी आपल्याला का खाजतं हे न कळता रोज तेच मोजे घालत होत्या.

न कळण्याचं कारण साधं आहे. सहा आठवड्यांहून जास्त काळ वारंवार गांधी उठत राहिल्या की त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. यात बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचं कुठलंच कारण सापडत नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिनसलेली असते. त्यामुळं डॉक्टर आणि पेशंट दोघंही कारण शोधायचं सोडून देतात, आणि ते चूकही नाही. पण त्या गर्दीत मोज्यांवाला एखादा पेशंट लपून जातो. रोजची अॅलर्जीची गोळी चालू असेल तर गांधी दबतात आणि कामाशी असलेलं नातंही झाकलं जातं.

ते नातं ओळखायचं कसं? वेळ बघायची. मोजे घातल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात हाताला खाज सुटून गांधी आल्या आणि मोजे काढल्यावर काही तासांत डाग न ठेवता गेल्या, तर लॅटेक्सचा संशय घ्यावा. हाताला एक-दोन दिवसांनी पुरळ आलं, कातडी कोरडी पडून चिरली आणि सगळं मोज्याच्या हद्दीतच राहिलं, तर बहुधा रबर टिकाऊ करायला घातलेल्या रसायनांचा किंवा सतत हात धुण्याचा त्रास असतो. तो वेगळा आजार, कॅरोलाइनच्या जातीचा. सुट्टीवर गावाला गेलं की गांधी थांबतात आणि ड्यूटीवर हजर झालं की परत येतात, असं होतंय का? फुगा फुगवताना ओठ सुजतात का? कंडोम वापरल्यावर किंवा दाताच्या डॉक्टरकडं जाऊन आल्यावर विचित्र त्रास झाला होता का? केळं, किवी, अॅव्होकॅडो खाल्ल्यावर तोंड खाजतं का? या फळांतली काही प्रथिनं लॅटेक्ससारखीच असतात, त्यामुळं हा धागा बऱ्याचदा उपयोगी पडतो. लहानपणापासून वारंवार ऑपरेशन्स झालेल्यांना, विशेषतः मणक्याचा जन्मजात दोष असलेल्यांना हा धोका जास्त असतो.

आणि हो, भिंतीला लावायच्या लॅटेक्स पेंटमध्ये झाडाचं लॅटेक्स नसतं. त्याला उगाच बदनाम करू नये.

संशय आला तर घरी मोजा घालून प्रयोग करत बसायचं नाही, अंगलट येऊ शकतं. दोन-तीन आठवडे कधी गांधी आल्या, तेव्हा हातात काय होतं, ड्यूटी होती की सुट्टी, एवढं मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं, गांधींचा फोटो काढायचा आणि अॅलर्जीच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. रक्ताची आणि त्वचेवरची चाचणी असते. त्वचेच्या चाचणीआधी अॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल.

निदान पक्कं झालं की उपाय म्हणजे लॅटेक्स बंद. नायट्राइलचे किंवा दुसरे कृत्रिम मोजे मिळतात. फक्त आपणच बदलून भागत नाही, शेजारचा पावडरचे लॅटेक्स मोजे वापरत असेल तर त्रास सुरूच राहतो. नोकरी सोडायची वेळ सहसा येत नाही, पण त्यासाठी वरिष्ठांनी ऐकायला हवं. पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर अमेरिकेनं जानेवारी २०१७ पासून बंदीच घातली.

त्याच्याही नऊ वर्षं आधी, जानेवारी २००८ मध्ये, एका मोठ्या हॉस्पिटलनं जाहीर केलं होतं की आमच्याकडं आता लॅटेक्सचे हातमोजे वापरले जाणार नाहीत. पेशंटच्या आणि कर्मचाऱ्यांच्या अॅलर्जीमुळं सगळे मोजे कृत्रिम रबराचे असतील. ते हॉस्पिटल होतं बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स.